कुंडीतले अळू : लावावे कसे, ओळखावे कसे, खावे कसे?

कळवणच्या जुन्या घरांना परसदार असे आणि परसदारी मोरीच्या तोंडाशी अळूचा एखादा गड्डा हमखास असे. त्याला कोणी मुद्दाम पाणी घालत नसे, खत तर नाहीच. तरी श्रावण आला की वडीला पाने मिळत. आता घरांची रचना बदलली आहे. नव्या वसाहतींत परसदार उरले नाही, मोरीचे पाणी नळीवाटे गटारात जाते आणि अळू गच्चीवर, जिन्यात किंवा खिडकीपाशी कुंडीत आले आहे. हौसेने कुंडीत लावलेले हे झाड दिसायला सुंदर असते, शिवाय ताटातही येते.

मात्र या बदलाबरोबर एक नवी अडचण आली आहे. परसदारी अळू एकटे असे. कुंड्यांच्या रांगेत त्याच्या शेजारी त्याच्यासारखीच रुंद पाने असलेली शोभेची झाडे येऊन बसली आहेत. त्यांतली बहुतेक अळूच्याच कुळातली आहेत आणि ती खाण्याची नाहीत. म्हणून घरात अळू लावणाऱ्याने तीन गोष्टी पक्क्या जाणून घ्याव्यात : आपले झाड नक्की कोणते, त्याला पाणी कोणते आणि किती, आणि ते शिजवायचे कसे. या तीन गोष्टी सांभाळल्या तर अळूसारखी सोयीची घरगुती भाजी दुसरी नाही.

अळू आणि अळकुड्या

अळूला कुठे धोपा म्हणतात, तर कुठे चमकुरा. शास्त्रीय नाव कोलोकेशिया एस्क्युलेन्टा. सुरण याच कुळातला. मातीखाली जे गड्डे लागतात त्यांना आपण अळकुड्या म्हणतो. बाजारात त्या अरवी या नावानेही मिळतात. लोक त्यांना मुळे समजतात, पण शास्त्राच्या दृष्टीने ते जमिनीखाली वाढलेले, पिठूळ अन्न साठवलेले खोड आहे. म्हणूनच त्यावर डोळे असतात आणि एका अळकुडीपासून नवे झाड होते.

आपल्याकडे पानांचे कौतुक जास्त, पण जगात अळकुडीचा मान मोठा आहे. हवाई बेटांवर अळकुड्या शिजवून, कुटून केलेला ‘पोई’ हा पिढ्यान्‌पिढ्या मुख्य आहार राहिला. आफ्रिकेतील नायजेरिया या देशात अळकुड्यांचे मोठे पीक निघते. आपल्याकडे ऋषिपंचमीच्या भाजीत अळूला जागा आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा रिवाज. नांगराशिवाय परसात वाढणारे अळू त्यात नेमके बसते.

१०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ५ ग्रॅम प्रथिने, ६५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, ५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि भरपूर बीटा-कॅरोटीन असते. बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. शिजवताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग जातो. कॅरोटीन मात्र पुष्कळसे टिकते, आणि ते अंगी लागण्यासाठी जेवणात थोडे तेल-तूप लागते. फदफद्याला दिलेली फोडणी म्हणजे नुसती चव नव्हे.

खाज येते ती कशाने?

अळूच्या पानांत, देठांत आणि अळकुडीत कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. हे स्फटिक जुड्यांनी ठेवलेले असतात. कच्चे पान चावले की ते मोकळे होऊन जीभ, गाल आणि घशाच्या नाजूक त्वचेत रुततात. त्यामुळे खाज, जळजळ आणि कधीकधी सूज येते. झाडाने जनावरांपासून स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे.

बराच वेळ शिजवल्याने आणि चिंच, आमसूल किंवा ताक यांसारख्या आंबटाची जोड दिल्याने ही खाज जाते. आपल्या आज्यांनी अळूत चिंच घालण्याचा नियम केला तो यासाठीच. अळू कच्चे खाण्याची वस्तू नाही. हिरव्या पानांचा कच्चा रस पिण्याची जी टूम निघाली आहे, तीत अळूचे पान कधीही घालू नये. कच्च्या पानांचा रस जखमेवर पिळण्याचा जुना उपायही करू नये. जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा.

ओळख चुकू नये

डिफेनबेकिया, कॅलॅडियम, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा आणि घरोघरी असलेले मनीप्लांट ही सगळी अळूच्या कुळातली शोभेची झाडे. त्यांच्यातही तेच सुईसारखे स्फटिक असतात. शिजवून खाता येतील अशी ही झाडे नाहीत. डिफेनबेकियाचे पान चावल्यास जीभ सुजून बोलणेही अवघड होते. रांगत्या मुलाच्या हाताला ही झाडे लागतील अशी ठेवू नयेत.

खाण्याच्या अळूची काही लक्षणे अशी :

देठ पानाच्या खाचेत न जुळता, खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळलेला असतो. पानाचे टोक जमिनीकडे झुकलेले असते. पान मऊ, मखमली आणि बिनचमकीचे असते. त्यावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, मोत्यासारखे गोळा होऊन घरंगळते. क्षणात नाहीशा होणाऱ्या गोष्टीला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो ते यावरूनच.

याउलट कासाळू व त्याच्या जातीच्या शोभेच्या झाडांची मोठी पाने बहुधा चकचकीत असतात, टोक वर किंवा समोर रोखलेले असते आणि देठ खाचेजवळ जुळलेला दिसतो. कॅलॅडियमची पाने लाल, गुलाबी, पांढऱ्या ठिपक्यांची. डिफेनबेकियाचे पान लांबट अंडाकृती, पांढऱ्या शिंतोड्यांचे, आणि खोड उसासारखे उभे.

तरीही केवळ लक्षणांवर विसंबू नये. कोवळ्या रोपाची पाने फसवी असतात. सर्वांत खात्रीचा मार्ग एकच : लावण्यासाठी अळकुडी भाजीबाजारातून घ्यावी, किंवा ज्या घरी त्या गड्ड्याची भाजी नेहमी खाल्ली जाते त्या घरून आणावी. रोपवाटिकेतून शोभेसाठी आणलेले, काळ्या किंवा रंगीत पानांचे झाड अळूसारखे दिसले तरी स्वयंपाकात वापरू नये. ते कोणत्या जातीचे, किती खाजरे आणि त्यावर कोणती औषधे फवारलेली, हे आपल्याला कळत नाही. ओढ्याकाठी आपोआप उगवलेले रानअळूही फार खाजरे असू शकते. ज्यांना त्याची पिढीजात माहिती आहे त्यांनीच ते आणावे.

खाण्याच्या अळूची कुंडी शोभेच्या कुंड्यांपासून वेगळी ठेवावी. कुंडीवर रंगाने ‘खाण्याचे’ असे लिहावे. घरात पाहुणी आलेली सून किंवा मोलकरीण चुकून शेजारचे पान खुडणार नाही.

कुंडीत लागवड

अळूचेही दोन प्रकार घरोघरी ओळखले जातात. काळपट देठाचे आणि गडद पानांचे ते वडीचे. फिकट हिरव्या देठाचे ते भाजीचे. कुंडीसाठी दोन्ही चालतात.

कुंडी किमान १२ ते १५ इंच रुंद आणि तेवढीच खोल घ्यावी. तेलाचा जुना पत्र्याचा डबा गंजतो, आणि रंगाचा किंवा औषधाचा डबा तर अजिबात घेऊ नये. बुडाला पाणी जाण्यास भोके हवीत. दोन भाग चांगली माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचे खत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्याची उष्णता मुळांना सोसत नाही आणि त्यातून रोगजंतू येतात.

बाजारातील टणक, न सुकलेली, डोळा दिसणारी अळकुडी निवडावी. डोळा वर ठेवून सुमारे दोन इंच खोल पुरावी. एका कुंडीत एकच. मृग लागल्यावर लावणे उत्तम. पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येही लावता येते. कळवणच्या थंडीत मात्र लावू नये, कोंब हलत नाही आणि गड्डा ओलाव्याने कुजतो.

अळूला ऊब, ओल आणि उजेड हवा. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळणारी पूर्वेची खिडकी किंवा गच्चीचा पूर्वेकडील कोपरा चांगला. अंधाऱ्या खोलीत देठ लांब, पाने लहान व फिकी होतात. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पानांच्या कडा करपतात, तेव्हा कुंडी सावलीत सरकवावी.

माती सतत ओलसर असावी. उन्हाळ्यात रोज, कधी दोन वेळा पाणी लागते. पावसाळ्यात माती पाहून द्यावे. थंडीत वाढ मंदावते व पाने कमी होतात. तेव्हा पाणी निम्म्यावर आणावे. पाने सुकली म्हणून गड्डा फेकू नये, ऊब आली की तो पुन्हा फुटतो. महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले खत पुरते.

खालचे एखादे पान पिवळे होणे हा रोग नव्हे, ते जुने झालेले असते. पहाटे पानाच्या टोकाशी पाण्याचे थेंब दिसतात, तोही झाडाचा नैसर्गिक व्यवहार आहे. मुळांनी रात्री ओढलेले जादा पाणी झाड टोकावाटे बाहेर टाकते. पानांवर डाग वाढून ती करपू लागली तर तेवढी पाने काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता मातीत घालावे. अळ्या हाताने वेचाव्यात, मावा पाण्याच्या धारेने धुवावा. खायच्या पानांवर कांद्याच्या किंवा द्राक्षाच्या फवारणीतून उरलेले औषध मारणे हा जिवाशी खेळ आहे, ते कदापि करू नये.

साधारण दोन महिन्यांत पाने खुडण्याजोगी होतात. झाडावर किमान तीन पाने ठेवूनच बाकीची खुडावीत. सहा ते आठ महिन्यांनी पाने पिवळी पडू लागली की अळकुड्या काढाव्यात आणि एखादी पुढच्या वर्षासाठी ठेवावी.

मोरीचे पाणी आणि डास

अळू गटाराच्या पाण्यावरही वाढते म्हणून ते तसेच वाढवावे असे नाही. शौचालयाच्या किंवा उघड्या गटाराच्या पाण्यात जंत आणि अतिसार, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू असतात. पाने शिजवल्याने जंतू मरतात हे खरे, पण पाने खुडणारे, निवडणारे हात आणि विळी यांच्यावाटे ते घरात पसरतात. शिवाय गटारातील घातक धातू शिजवल्याने जात नाहीत. अशा जागेवरचे अळू भाजीला घेऊ नये. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मात्र कुंडीला जरूर घालावे. टंचाईच्या दिवसांत हाच शहाणपणा आहे. साबणाचे पाणी घालू नये.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची थाळी ही त्याची आवडती जागा. अळूच्या देठांच्या बेचक्यातही पाणी साठते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. थाळी रिकामी करून काथ्याने घासावी, कारण या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी अवस्थाही काही महिने सोसतात. केवळ पाणी ओतून दिले तर पुढच्या पाण्यात ती पुन्हा जिवंत होतात. थाळीत वाळू भरून ठेवणे हाही चांगला उपाय. बेचक्यातले पाणी कुंडी थोडी कलती करून काढून टाकावे.

स्वयंपाकघरात

अळू निवडताना हात कोरडे ठेवावेत आणि त्यांना थोडे तेल लावावे. पाने वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी धुवावीत. देठांची साल काढावी. वडीसाठी पानामागच्या जाड शिरा सुरीने तासाव्यात किंवा लाटण्याने दाबाव्यात.

फदफद्यासाठी चिरलेले अळू आणि देठ हरभऱ्याची डाळ व शेंगदाण्यांबरोबर कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या होईपर्यंत शिजवून, घोटून, चिंच-गूळ घालून पुन्हा उकळावे. ज्यांना मुतखड्याची भीती आहे त्यांनी अळू आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावे. पाण्यात विरघळणारे ऑक्झलेट त्याबरोबर बरेचसे निघून जाते. वड्या वीस-पंचवीस मिनिटे चांगल्या वाफवल्याशिवाय तळू नयेत. वरून खरपूस आणि आतून अर्धकच्ची वडी हेच घसा धरण्याचे नेहमीचे कारण असते. अळकुड्या सालीसकट उकडून मग सोलाव्यात, म्हणजे हातांना खाज येत नाही.

भाजी खाताना घसा खवखवला तर ‘एवढ्याने काय होते’ म्हणून ताट संपवू नये. भाजी पुन्हा आंबट घालून शिजवावी, तरीही खवखवली तर टाकून द्यावी.

लोहाचा गैरसमज

आपल्या भागात स्त्रिया आणि किशोरवयीन मुलींमध्ये रक्ताची कमतरता पुष्कळ आढळते. पालेभाजीत लोह असते, म्हणून अळू खाऊन रक्त वाढेल आणि गोळ्यांची गरज नाही, असे काहींना वाटते. हे बरोबर नाही. पालेभाजीतले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. जेवणात लिंबू पिळल्यास ते जरा अधिक शोषले जाते, आणि जेवणाबरोबरचा चहा ते कमी करतो. अळू आहारात जरूर असावे, पण गरोदर स्त्रीने प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. तीच गोष्ट कॅल्शियमची. अळूतील कॅल्शियम बरेचसे ऑक्झलेटने बांधलेले असल्याने ते दुधाची जागा घेऊ शकत नाही.

कोणी जपून खावे?

मुतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांनी अळू क्वचित, थोडे आणि उकळून पाणी काढलेलेच खावे. त्याच जेवणात दही किंवा ताक घ्यावे. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते. खड्याच्या भीतीने दूध-ताक सोडणारे पुष्कळ असतात, पण त्याने उलटाच परिणाम होतो. उन्हात शेतात राबणाऱ्यांनी लघवी फिकट रंगाची राहील इतके पाणी दिवसभर प्यावे.

मूत्रपिंडे निकामी होत असलेल्या रुग्णांनी पोटॅशियममुळे पाने आणि अळकुड्या दोन्ही डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन किंवा ॲसिट्रोमसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा घटवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व या गोळ्यांच्या विरुद्ध काम करते. मधुमेह्यांनी अळकुडी ही भाजी न मानता भात-भाकरीच्या हिशेबात धरावी. १०० ग्रॅम अळकुडीत सुमारे २६ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात.

कच्चे पान तोंडात गेले तर

घाबरून जाऊ नये. तोंडातले तुकडे बोट फिरवून किंवा ओल्या फडक्याने काढावेत, गार पाण्याने तोंड पुन्हा पुन्हा धुवावे. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर गार दूध किंवा दही थोडे थोडे द्यावे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, त्याने घसा दुसऱ्यांदा पोळतो. चीक डोळ्यांत गेला तर डोळा न चोळता पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा.

बहुतेकदा काही तासांत त्रास ओसरतो. पण ओठ-जीभ सुजत चालली, लाळ गळू लागली, आवाज बसला किंवा श्वासाला आवाज येऊ लागला, तर एक क्षणही घरगुती उपायांत घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठावे. अभोणा-कनाशीकडच्या किंवा गडाखालच्या पाड्यांवरून यायला वेळ लागतो. म्हणून लक्षणे वाढण्याची वाट न पाहता निघावे. चावलेल्या झाडाचे एक पान पिशवीत घालून बरोबर न्यावे, डॉक्टरांना ओळख पटते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. अळकुडी भाजीबाजारातून किंवा खात्रीच्या घरून आणावी, शोभेच्या झाडातून नव्हे.

२. खाण्याच्या अळूची कुंडी वेगळी ठेवून तिच्यावर नाव लिहावे.

३. कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा घासावी. गटाराचे पाणी व कीटकनाशक कुंडीला वर्ज्य.

४. अळू नेहमी पूर्ण शिजवून, आंबट घालूनच खावे.

५. मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

येत्या मृगात घरात एक रिकामी कुंडी असेल तर तिच्यात एक अळकुडी अवश्य लावावी. श्रावणाच्या सुमारास पहिली पाने मिळतील आणि ऋषिपंचमीची भाजी घरच्या अळूची होईल.